कणगी की डबा

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही म्हण ज्या काळी रूढ झाली त्या काळी तयार सदनिका मिळत नव्हत्या आणि हारतुऱ्यांपासून पंगतीपर्यंत सगळे एका रकमेत उरकून देणारी मंगल कार्यालयेही नव्हती, त्यामुळे ‘विकत आणून’ हा पर्याय तिच्यात कोठेच येत नाही. ही उणीव मराठी मध्यमवर्गातील एका लहान परंतु चिवट गटाला अलीकडे फार जाणवू लागली आहे. या गटातील गृहस्थाचे घर हप्त्यांवर घेऊन झालेले असते, लग्नही झालेले असते, आणि आता त्याला घरासाठी एक सर्व्हर हवा असतो. तो स्वतः बांधावा की बाजारातून तयार आणावा या प्रश्नावर तो साधारणपणे सात-आठ महिने विचार करतो. (स्त्रियाही हा उद्योग करतात, परंतु त्या विचारात इतके महिने घालवत नाहीत, त्यामुळे अभ्यासाला सामग्री कमी मिळते.)

घरगुती सर्व्हर म्हणजे जाणकार ज्याला ‘नॅस’ म्हणतात ती वस्तू, अर्थात घरातल्या राउटरला तारेने जोडलेली, रात्रंदिवस जागी राहणारी आणि घरातल्या प्रत्येक फोनला, लॅपटॉपला व टीव्हीला एकाच वेळी उघडता येणारी सामाईक साठवण. खिशात घालून नेता येणारी हार्ड डिस्क ही शिदोरी होय. नॅस ही कणगी होय. बांबूच्या कामट्यांची विणलेली, शेणामातीने लिंपलेली आणि वर्षाचे धान्य पोटात घेऊन घराच्या कोपऱ्यात उभी राहणारी कणगी ज्या घरांतून गेली, त्या घरांतून साठवणीची वृत्ती मात्र गेली नाही. एप्रिल-मेमध्ये गहू भरून ठेवणे, पापड-कुरडयांचे डबे लावणे, पावसाळ्याची बेगमी करणे आणि श्रीखंडाचे रिकामे डबे पुढेमागे उपयोगी पडतील म्हणून माळ्यावर चढवणे ही सर्व एकाच प्रवृत्तीची रूपे असून, फोनमधील अठरा हजार फोटो हे तिचे सर्वांत ताजे रूप आहे. या फोटोंत मुलीचा पहिला वाढदिवस असतो, एकाच वीजबिलाचे अकरा फोटो असतात, ‘शुभ सकाळ’ लिहिलेली गुलाबाची फुले असतात आणि फोन खिशात असताना चुकून निघालेला निव्वळ अंधारही असतो. तथापि यातले काहीही पुसावे असे कोणालाही वाटत नाही. हे सर्व काही वर्षे गुगल फोटोजच्या फुकट गोदामात सुखाने पडून होते, परंतु १ जून २०२१ पासून त्या कंपनीने अमर्याद मोफत साठवण बंद करून टपाल, कागदपत्रे आणि फोटो मिळून १५ जीबीपर्यंतचीच जागा फुकट ठेवली, आणि स्वतःच्याच फोटोंसाठी दरमहा भाडे देणे ज्यांना अपमानास्पद वाटले त्यांच्या मनात स्वतःच्या कणगीचा विचार रुजला.

बांधावे की आणावे या वादाला महाराष्ट्रात एक घराणे आहे. १९९० च्या दशकात ‘ब्रँडेड की असेंबल्ड’ हा प्रश्न घरोघरी चर्चिला जाई. ‘असेंबल्ड’ म्हणजे सुटे भाग आणून कोणा ओळखीच्या मुलाकडून जोडून घेतलेला संगणक. हे भाग मुंबईत ग्रँट रोड स्थानकाजवळच्या लॅमिंग्टन रोडवर मिळत. १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांचे नाव या रस्त्यावरून अधिकृतपणे जाऊन तेथे डॉ. दादासाहेब भडकमकर यांचे नाव आले, परंतु त्या नावाने पत्ता विचारणाऱ्याला तेथे आजही मदरबोर्ड मिळण्याऐवजी दिशा मिळतात. पुण्याचा गृहस्थ तेथून कॅबिनेटचे खोके मांडीवर घेऊन संध्याकाळच्या डेक्कन क्वीनने परतत असे आणि वाचवलेल्या चार हजारांचा हिशेब लोणावळ्यापर्यंत शेजाऱ्याला सांगत असे. त्या पिढीचा मुलगा आज सर्व्हरच्या विचारात आहे, आणि त्याच्या लॅपटॉपवरील तक्त्यात ‘तयार’ आणि ‘बांधणी’ असे दोन स्तंभ आहेत.

तयार स्तंभातील वस्तू हा बुटांच्या खोक्याएवढा, काळा, मागे एक पंखा असलेला डबा असून तो बहुधा तैवानी कंपनीचा असतो. या डब्यात डिस्क बसवण्यासाठी कप्पे असतात आणि त्यांना मराठीत ‘खण’ म्हणणे सर्वांत योग्य ठरेल, कारण हा शब्द कपाटाला लागतो, चोळीला लागतो आणि जुन्या वाड्यांतील दोन खांबांमधल्या जागेलाही लागतो. ‘आमचा सर्व्हर चार खणी आहे’ या वाक्यात जो खानदानी थाट येतो तो अन्य कोणत्याही शब्दाने येत नाही. डब्यासोबत त्याची स्वतःची प्रणाली येते, फोनवरचे ॲप येते आणि वॉरंटी येते. डिस्क मात्र बहुतेक वेळा येत नाहीत, त्या वेगळ्या घ्याव्या लागतात, आणि डब्याची किंमत पाहून हरखलेल्या ग्राहकाला हे सहसा पैसे भरताना कळते.

एकापेक्षा जास्त खण का लागतात याचे उत्तर १९८८ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी मांडलेल्या एका निबंधात आहे. एक महागडी मोठी डिस्क घेण्यापेक्षा अनेक स्वस्त डिस्क एकत्र बांधाव्यात आणि त्यांपैकी एक गेली तरी माहिती जाऊ नये अशी जास्तीची नोंद ठेवावी, या कल्पनेला त्यांनी ‘रेड’ हे संक्षिप्त नाव दिले, ज्यातील एक अक्षर ‘स्वस्त’ या अर्थाचे होते. पुढे डिस्क विकणाऱ्या उद्योगाला ते अक्षर खुपले आणि त्याने त्याचा अर्थ ‘स्वतंत्र’ असा करून टाकला. धंद्याच्या इतिहासात एका अक्षराने इतकी किंमत वाढवल्याची उदाहरणे थोडी असतील. या पद्धतीचा सर्वांत सोपा प्रकार म्हणजे दोन डिस्कांवर तीच माहिती दोनदा लिहिणे. त्यापुढच्या प्रकारात किमान तीन डिस्क लागतात आणि त्यात बेरजेची युक्ती वापरलेली असते: तीन भावांनी आंब्याच्या पेट्या वाटून घेतल्या आणि एकूण पेट्या किती हे वडिलांनी लिहून ठेवले असेल, तर दोन भावांकडे मोजून तिसऱ्याने किती नेल्या हे त्याला न विचारता सांगता येते. डिस्क गेली की उरलेल्या डिस्क याच रीतीने तिचा वाटा पुन्हा काढतात. फरक इतकाच, की डिस्क या कामी भांडत नाहीत.

बांधणीच्या स्तंभाची सुरुवात नेहमी शून्याने होते, कारण माळ्यावर एक जुना संगणक असतो. त्याचे कॅबिनेट शाबूत असते, मदरबोर्ड चालू असावा असा अंदाज असतो, आणि हे सर्व ‘घरचेच’ असल्यामुळे त्याची किंमत धरायची नाही असा नियम गृहस्थ स्वतःच करतो. मग असे आढळते, की एसएमपीएस, म्हणजे घरातील वीज संगणकाच्या भागांना मानवेल अशी करून देणारा डबा, आठ वर्षांचा असून त्याच्यावर चार डिस्कांचा भरवसा ठेवणे योग्य नाही. म्हणून तो नवा येतो. नव्या एसएमपीएसला शोभेल असा पंखा येतो. कॅबिनेटमध्ये डिस्कांना खण दोनच असतात, म्हणून कॅबिनेट येते. जुन्या बोर्डावर तारा लावण्याच्या जागा कमी पडतात, म्हणून बोर्ड येतो. नव्या बोर्डावर जुना प्रोसेसर बसत नाही आणि जुनी मेमरीही बसत नाही. अखेरीस माळ्यावरच्या मूळ यंत्रातील जी एकमेव वस्तू नव्या सर्व्हरमध्ये शिल्लक राहते ती म्हणजे स्क्रूंची पुडी, आणि तिच्यातलाही एक स्क्रू कमी असतो. तक्त्यात मात्र ‘जुना संगणक: शून्य रुपये’ ही ओळ अखेरपर्यंत तशीच असते.

समजा गृहस्थाने संयम पाळला आणि जुनेच यंत्र वापरले, तरी ते फुकट पडत नाही, हे विजेच्या हिशेबावरून दाखवता येते. जुना टेबलावरचा संगणक काहीही न करता बसून राहिला तरी सुमारे ६० वॉट खातो. दोन खणांचा तयार डबा डिस्कांसह सुमारे २० वॉटमध्ये भागवतो. सर्व्हर वर्षभर चोवीस तास चालू राहतो, म्हणजे ८,७६० तास. या हिशेबाने जुने यंत्र वर्षाला सुमारे ५२५ युनिट घेते आणि डबा १७५. युनिटला दहा रुपये धरले तर फरक वर्षाला साडेतीन हजार रुपयांचा आणि पाच वर्षांत साडेसतरा हजारांचा होतो. ज्या घरात गीझर चालू राहिला म्हणून मुलांना बोलणी बसतात आणि दिवाणखान्यातला दिवा मालवून टीव्ही पाहिला जातो, त्या घरात हा फरक उघडकीस येऊ नये याची गृहस्थ मनापासून काळजी घेतो, आणि महावितरणचे बिल वाढल्यावर त्याचे कारण इस्त्री असल्याचे सांगतो.

यंत्र जोडून झाले की त्याच्यात प्रणाली भरावी लागते, आणि येथे बांधणाऱ्याच्या सुखाला खरा आरंभ होतो, कारण प्रणाल्या अनेक आहेत, त्यांतल्या बऱ्याच फुकट आहेत, आणि त्या काढून-घालून पाहण्यात एक पावसाळा सहज जातो. ऑलिव्हिए कोशार-लाबे या फ्रेंच अभियंत्याने २००५ साली सुरू केलेली ‘फ्रीनॅस’ ही प्रणाली आज ‘ट्रूनॅस’ या नावाने चालते. तिच्या पोटात ‘झेडएफएस’ नावाची फायली ठेवण्याची पद्धत असते, जी सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकी कंपनीत जेफ बॉनविक आणि मॅथ्यू आरन्स यांनी २००१ पासून घडवली. हिचे वैशिष्ट्य असे, की ती प्रत्येक तुकड्याबरोबर त्याची पडताळणीची खूण ठेवते आणि ठरावीक काळाने सगळी साठवण पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून कोठे काही बिघडले आहे काय हे तपासते. साठवणीचे धान्य जिने कधी गच्चीवर चादर पसरून उन्हात टाकले असेल त्या गृहिणीला हे समजावून सांगावे लागत नाही. धान्याला पोरकिडे होतात तसे वर्षानुवर्षे न हलवलेल्या फायलीतही एखादे अक्षर आपोआप उलटते, आणि ज्या डिस्कवर ते उलटले ती डिस्क मात्र आपले सर्व ठीक असल्याचे सांगत राहते.

या पद्धतीच्या उपासकांत एक सोवळा संप्रदाय आहे. त्याचे म्हणणे असे, की सर्व्हरमध्ये केवळ ‘ईसीसी’ मेमरीच असावी, म्हणजे जिला स्वतःतील एका बिटाची चूक ओळखता येते व दुरुस्तही करता येते अशी. साधी मेमरी लावलेल्या यंत्रातून निघालेला फोटो त्यांच्या मते विटाळलेला असतो. ओवळ्यांचे म्हणणे असे, की फोटो शेवटी काकूंच्या लग्नातल्या पंगतीचा आहे. हा वाद मिटलेला नाही आणि मिटू नये अशीच दोन्ही पक्षांची इच्छा दिसते, कारण तो मिटला तर सर्व्हर चालू करावा लागेल.

डिस्क घेतानाही फसगत होऊ शकते, आणि ती समजण्यासाठी कोकणातले घर डोळ्यांसमोर आणावे. डिस्कच्या चकतीवर माहिती गोल पट्ट्यांत लिहिली जाते. जागा वाचवण्यासाठी या पट्ट्या एकमेकींवर थोड्या चढवल्या, तर तेवढ्याच चकतीवर जास्त माहिती मावते, आणि या रचनेला इंग्रजीत दिलेले नावही छपरावरच्या कौलवजा तुकड्यांवरूनच आलेले आहे. कौलांचा गुण असा, की ती घालताना भराभर घालता येतात, परंतु मधले एक कौल बदलायचे झाले तर वरची ओळ उचलावी लागते. कौलारू डिस्कचेही तेच होते: एका पट्टीत फेरफार करायचा तर शेजारच्या पट्ट्या पुन्हा लिहाव्या लागतात, आणि एरवी खपून जाणारा हा संथपणा, मेलेल्या डिस्कच्या जागी नवी घालून ती भरताना मात्र छातीत धडकी भरवतो. २०२० साली असे उघड झाले, की एका मोठ्या कंपनीने खास नॅससाठी म्हणून विकलेल्या काही डिस्क आतून कौलारू होत्या आणि खोक्यावर तसे लिहिलेले नव्हते. तेव्हापासून बांधणारा गृहस्थ डिस्क घेण्यापूर्वी मॉडेल क्रमांकाच्या शेवटच्या चार अक्षरांचा अभ्यास असा करतो, जसा त्याचे आजोबा स्थळाच्या गोत्राचा करीत. दुकानदार त्याच्याकडे दयेने पाहतो.

एवढे वाचून तयार डबाच बरा असे वाटू लागेल, म्हणून म्हणीच्या उत्तरार्धाकडे, म्हणजे लग्नाकडे, वळणे इष्ट ठरेल. मंगल कार्यालय ठरवताना भाडे परवडते, जागा आवडते, तारीखही मिळते. आणि आगाऊ रक्कम दिल्यावर व्यवस्थापक पावती फाडता-फाडता सांगतो, की केटरर आमचाच घ्यावा लागेल. तयार डब्यांच्या बाजारात २०२५ साली हाच प्रसंग घडला. एका नामांकित तैवानी कंपनीने आपल्या त्या वर्षीच्या काही डब्यांत केवळ स्वतःच्या किंवा स्वतः मान्य केलेल्याच डिस्क पूर्णपणे चालतील असे ठरवले. ग्राहकांनी एवढा ओरडा केला, की काही महिन्यांतच तिला ही अट बरीचशी मागे घ्यावी लागली. वऱ्हाडी मंडळी जेवणावरून जशी एकजूट होतात तशी ती एकजूट होती. दुसरा धोका दाराचा आहे. डब्याचे ॲप घराबाहेरूनही फोटो दाखवते ही सोय खरी, परंतु त्यासाठी घराचे दार इंटरनेटकडे किलकिले ठेवल्यास त्यातून कोणीही डोकावतो; २०२२ च्या जानेवारीत ‘डेडबोल्ट’ नावाच्या खंडणीखोर प्रणालीने अशा हजारो डब्यांतील फायलींना कुलूप घातले आणि किल्लीसाठी डब्यामागे ०.०३ बिटकॉइन मागितले. ज्यांच्या डब्यात वीजबिलाचे फोटोच होते त्यांनाही क्षणभर आपल्याकडे काही मौल्यवान होते असे वाटले असावे.

तेव्हा निर्णय कशावर करावा? तक्त्यावर करू नये, कारण बांधलेल्या सर्व्हरचा सर्वांत महाग भाग म्हणजे बांधणाऱ्याचे शनिवार-रविवार, आणि ते त्याच्या तक्त्यात कधीच येत नाहीत. येत नाहीत याचे कारण लबाडी हे नसून, त्याला ते खर्च वाटतच नाहीत हे आहे. मराठी माणसाला छंदासाठी पैसे टाकले असे म्हणवत नाही. काटकसरीसाठी टाकले असे म्हणवते. म्हणून कबुतरे पाळणारा, तबला शिकणारा आणि सर्व्हर बांधणारा यांच्यात केवळ तिसऱ्यालाच आपल्या नादाची पावती ‘बचत’ या खात्यावर फाडता येते. ज्याला फोटो सुखरूप हवेत त्याने निमूटपणे दोन खणांचा डबा आणावा, आणि ज्याला सर्व्हर हवा आहे त्याने तो बांधावा. हे दोन निराळे लोक आहेत आणि त्यांनी एकमेकांचा सल्ला घेऊ नये. मधला मार्ग म्हणून जुना लॅपटॉप सुचवला जातो, त्याच्या पोटात बॅटरी असल्यामुळे वीज गेली तरी तो चालू राहतो हा मोठा गुण सांगितला जातो, आणि तो गुण बॅटरी फुगून झाकण वर येईपर्यंत टिकतो.

सर्व्हर कोणताही असो, दोन डिस्क आहेत म्हणजे दोन प्रती आहेत ही समजूत दोन्ही पंथांत सारखीच पसरलेली आहे, आणि ती चुकीची आहे. आरशासमोर उभ्या असलेल्या माणसाने मिशी काढली की आरशातल्याचीही जाते. त्याचप्रमाणे मुलाने चुकून फोल्डर पुसले तर ते दोन्ही डिस्कांवरून एकाच क्षणी पुसले जाते. १९९८ साली पिक्सार या चित्रपटसंस्थेत ‘टॉय स्टोरी २’ चे काम चालू असताना एका चुकीच्या आज्ञेने चित्रपटाच्या फायली पुसल्या जाऊ लागल्या आणि सुरक्षित प्रतीही निकामी निघाल्या. अखेरीस चित्रपट वाचला तो तांत्रिक दिग्दर्शिका गॅलिन सुसमन यांच्या घरच्या संगणकामुळे, कारण तान्ह्या बाळामुळे त्या घरून काम करीत होत्या आणि त्यांच्याकडे एक प्रत होती. तो संगणक पांघरुणांत गुंडाळून, मोटारीत बसवून, जपून कार्यालयात आणण्यात आला. म्हणजे संगणकतज्ज्ञांच्या चुकीवर इलाज म्हणून बाळंतिणीची खोली आणि गोधडी हीच कामी आली. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी याच हेतूने ३-२-१ असा नियम रूढ केला: प्रती तीन असाव्यात, त्या दोन निराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात, आणि एक प्रत घराबाहेर असावी.

घराबाहेर म्हणजे कोठे, याचे उत्तर नियमात नाही. महाराष्ट्रात ते बहुधा सासुरवाडी असे निघते. पुण्याचा जावई दुसरा डबा घेऊन सांगलीस जातो, आणि जावयाने आणलेल्या वस्तूला नाही म्हणण्याची पद्धत नसल्यामुळे सासूबाई तो डबा ठेवून घेतात. रिकामा प्लग देवघराशेजारीच असल्यामुळे तो तेथे बसतो. पुढे रोज पहाटे जावयाच्या घरचे फोटो दोनशे किलोमीटरहून अधिक अंतर तोडून निरांजनाच्या शेजारी उतरतात, आणि सासरेबुवा आल्यागेल्याला ‘हे जावईबापूंचे यंत्र, काय करते ते विचारू नका’ अशी ओळख करून देतात. हा बंदोबस्त उत्तम चालतो. तो तुटतो तो दसऱ्याच्या साफसफाईत, जेव्हा निळी तार नक्की कशाची हे न कळल्यामुळे ती काढून, पुसून, वेटोळे करून, रबर लावून खणात ठेवली जाते.

पुण्यातल्या मूळ डब्याच्या जागेचाही प्रश्न सोपा नाही. त्याला राउटरजवळ ठेवावे लागते, कारण वायफायवरून मोठी साठवण हलवणे म्हणजे चमच्याने टाकी भरणे होय, आणि गिगाबिट तारेनेसुद्धा ४ टीबी माहिती न्यायला सुमारे दहा तास लागतात. तार निजायच्या खोलीपर्यंत न्यायची तर भिंतीवरून पांढरी केसिंग पट्टी मारावी लागते, आणि पट्टी दिसेल म्हणून ती मारली जात नाही. म्हणून डबा दिवाणखान्यातच, टीव्हीखालच्या कपाटात, बसतो. हार्ड डिस्कचे डोके फिरत्या चकतीपासून काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत असते, आणि एवढ्या नाजूक वस्तूला आवाजही सोसत नाही: सन मायक्रोसिस्टिम्समध्ये काम करणारे ब्रेंडन ग्रेग यांनी २००८ च्या अखेरीस डिस्कांच्या कपाटासमोर उभे राहून चक्क ओरडून दाखवले आणि त्या ओरड्यासरशी डिस्कांचा वेग मंदावल्याचे आलेखावर उमटले, आणि २०१६ साली बुखारेस्टमधील एका बँकेत आग विझवणाऱ्या वायूची चाचणी घेताना तो सुटण्याच्या आवाजाने डिस्क निकामी झाल्या. लाखो डिस्क चालवणारी बॅकब्लेझ ही अमेरिकी कंपनी आपल्या डिस्कांच्या बिघाडाची आकडेवारी प्रसिद्ध करते आणि अलीकडच्या वर्षांत हे प्रमाण वर्षाला एक-दीड टक्क्याच्या आसपास आहे. मात्र तिची कोठारे लक्ष्मी रस्त्यावर नाहीत आणि विसर्जन मिरवणुकीचे ढोलपथक त्यांच्या खिडकीखाली थांबत नाही. त्यातच गुरुवार येतो, जेव्हा पुण्यात पाणी बंद असते आणि बहुधा त्याच मुहूर्तावर दुरुस्तीसाठी वीजही जाते. इन्व्हर्टरच्या मागचे ‘यूपीएस’ असे लिहिलेले बटण कोणत्या बाजूला असावे यावर घरात एकमत नसल्यामुळे सर्व्हर दर गुरुवारी एक डुलकी घेतो.

उष्णतेचा प्रश्न याहून घरगुती आहे. मराठी घरात कोणतीही यंत्रवस्तू फार काळ उघडी राहत नाही. टीव्हीला आवरण असे, मिक्सरला आवरण असते, फ्रीजच्या डोक्यावर खिशांचे आवरण असते. तेव्हा तीन आठवड्यांत सर्व्हरवर आईच्या हातचा क्रोशाचा रुमाल येतो, आणि तो नेमका पंख्याच्या जाळीवर लोंबतो. डिस्कचे तापमान वाढते, डबा शिट्टी वाजवतो, ‘अहो, तुमचा डबा पुन्हा ओरडतोय’ अशी हाक स्वयंपाकघरातून येते, आणि गृहस्थ कार्यालयात असेल तर त्याला फोनवरून ‘रुमाल उचल’ एवढीच सूचना द्यावी लागते. सर्व्हरविषयी घरातील अन्य मंडळींना असलेले तांत्रिक ज्ञान एवढेच असते, आणि बहुतेक प्रसंगी ते पुरते.

मग आईच्या पंचाहत्तरीचा दिवस जवळ येतो आणि हॉलच्या दारावर लावायच्या फलकासाठी तिच्या तरुणपणीचा एक फोटो हवा असतो. गृहस्थ प्रथमच घरादारासमोर सर्व्हर उघडतो. ‘आई’ असे लिहून शोधल्यावर चार हजार दोनशे फोटो निघतात, त्यांतले सर्व गेल्या दहा वर्षांतले असतात, आणि बऱ्याच फोटोंत आई नसून आईने काढलेले जास्वंदीचे फूल असते. अखेरीस धाकटी मावशी पलंगाखालची लोखंडी ट्रंक ओढते, नॅप्थलीनच्या वासाचा काळ्या पानांचा अल्बम काढते, चार कोपऱ्यांच्या कागदी खाचांतून महाबळेश्वरच्या एका कड्यावर दोन वेण्या घालून उभी असलेली मुलगी अलगद सोडवते, जेवणाच्या टेबलावर ठेवते, फोनने तिचा फोटो काढते, आणि सावली पडली म्हणून दुसरा काढते. फलकवाल्याला दुसरा पाठवला जातो. त्या रात्री दोन वाजता सर्व्हर ठरल्याप्रमाणे जागा होतो आणि दोन्ही फोटो, सावलीसकट, दोन्ही डिस्कांवर उतरवून घेतो.